संत्र्याच्या बांगडीत साचलेला बोरॉन: मोर्शी भागातील एका बागेचे प्रकरण

बाग अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातली, भारी काळ्या जमिनीची. जंबेरी या लिंबाच्या खुंटावर कलम केलेला नागपुरी संत्रा, नऊ वर्षांची २२० झाडे, ६ × ६ मीटरवर लागवड, म्हणजे साधारण दोन एकर. विहीर आणि बोअर, दोन्हींचे पाणी एकाच टाकीतून ठिबकला जाते. खत पडते ते खोडाभोवतीच्या गोल पट्ट्यात; त्यालाच येथे बांगडी म्हटले आहे. बहार आंबिया, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा. शेतकऱ्याची आणि दुकानाची ओळख येथे दिलेली नाही. मात्रांचे व तपासणीचे आकडे अशा बागांत जसे दिसतात तसे उदाहरणादाखल घेतले आहेत. हिशेबाची रीत मात्र जशीच्या तशी कुठल्याही बागेला लावता येईल.

तक्रार नोव्हेंबरात आली. दिवाळीच्या आसपास जुन्या पानांची टोके पिवळी पडू लागली. पिवळेपणा शिरांच्या मधून ठिपक्याठिपक्यांनी मागे सरकला, टोके करपली आणि झाडाखाली पानांचा सडा पडू लागला. कोवळी फूट मात्र हिरवी होती. कृषी सेवा केंद्रावर पान दाखवल्यावर उत्तर मिळाले, "भाऊ, मॅग्नेशियम अन् बोरान दोन्ही कमी हाये, अजून एक फवारा मारा." तो फवारा मारण्याआधी बाग तपासली गेली, हे बरे झाले.

मागचा धागा असा. आदल्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात फळगळ झाली होती. तेव्हा निदान झाले ते बोरॉनच्या कमतरतेचे, माती-पान न तपासता. म्हणून या वर्षी मृगापासूनच बोरॉनचा मारा सुरू झाला होता, आणि तो एका दाराने नव्हे, पाच दारांनी.

आधी बोरॉन समजून घेऊ

हा धातूही नाही आणि धड अधातूही नाही. आवर्तसारणीत पाचव्या क्रमांकावरचा उपधातू. निसर्गात तो एकटा कधीच सापडत नाही, ऑक्सिजनला धरूनच असतो. त्याचा खार मात्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे: सोनाराच्या मुशीत पडणारा टाकणखार, म्हणजेच सवागी, म्हणजेच बोरॅक्स. डाग देताना तो वितळून धातूवरचा गंज विरघळवतो. कॅरमवर टाकायची पावडर हे बोरिक आम्ल. १८०८ मध्ये पॅरिसला गे-ल्युसॅक व थेनार यांनी, आणि लंडनला हम्फ्री डेव्ही यांनी, हे मूलद्रव्य वेगळे काढले. पण त्यांच्या हाती आले ते अशुद्धच. शुद्ध बोरॉन कठीण, ठिसूळ, सुमारे २,०७६ अंश सेल्सियसला वितळणारा. अणुभट्टीतील नियंत्रक दांड्यांपासून उष्णता सोसणाऱ्या काचेपर्यंत त्याचा वापर आहे. पिकांना तो लागतोच, हे इंग्लंडमधील रोथॅमस्टेड संशोधन केंद्राच्या कॅथरीन वॉरिंग्टन यांनी १९२३ मध्ये घेवड्याच्या वर्गातील बाकल्यावर दाखवून दिले.

बागायतदाराच्या कामाची गोष्ट त्याच्या रसायनात आहे. बोरॉनच्या बाहेरच्या कक्षेत तीनच इलेक्ट्रॉन. त्यामुळे तो सतत इलेक्ट्रॉनची जोडी शोधत असतो आणि साखरेच्या जातीच्या रेणूंना सहज धरतो. पेशीभित्तीतील पेक्टिनच्या साखळ्या तो असाच एकमेकींना बांधतो. म्हणून कमतरता पडली की वाढते टोक, परागनळी आणि कोवळे फळ, जिथे पेशी झपाट्याने तयार होतात, तिथे आधी मार बसतो.

दुसरे असे, की मातीच्या पाण्यात तो बहुतांशी विद्युतभार नसलेल्या बोरिक आम्लाच्या रूपात असतो. आपल्या ८.२ सामूच्या (पीएच) जमिनीतसुद्धा बोरेट रूपात दहा टक्क्यांहून कमीच. भार नसल्याने मुळाच्या पेशीत तो पाण्याबरोबर सरळ शिरतो; जास्त झाला तर झाडाला तो फारसा अडवता येत नाही. सफरचंद, बदाम अशा काही झाडांत तो सॉर्बिटॉल या साखरेच्या जातीच्या रेणूबरोबर पानातून परत फळाकडे जाऊ शकतो. संत्र्यात ती सोय नाही. पानातून पाणी उडून जाते आणि बोरॉन टोकाला, कडेला मागे उरतो. या बागेची पाने टोकापासून का करपली, याचे कारण एवढेच.

पान काय सांगत होते

मॅग्नेशियमच्या कमतरतेत पिवळे पट्टे मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना सुरू होतात आणि देठाकडे उलट्या व्हीसारखा हिरवा भाग शिल्लक राहतो. टोकही बराच काळ हिरवे असते. येथे टोकच आधी गेले होते. जस्त किंवा लोह असते तर रोग कोवळ्या पानात दिसला असता. क्लोराइड वा क्षार साचल्यानेही टोक करपते, पण तिथे अगोदर ठिपकेदार पिवळेपणा सहसा नसतो, पान तांबूस होऊन एकदम वाळते. शिवाय पाण्याची क्षारता तपासली की शंका मिटते. खात्रीची खूण पानाच्या पाठीवर होती: हाताला खरखरीत लागणारे, डिंकासारखे तपकिरी बारीक ठिपके. भिंगातून ते स्पष्ट दिसतात. बोरॉन बराच जास्त झालेल्या लिंबूवर्गीय झाडात हे सहसा आढळतात.

त्याहून मोलाचा पुरावा धुऱ्याकडची, म्हणजे बांधालगतची, एक ओळ. जूनमध्ये बोरॅक्सचे पोते संपले म्हणून तिला माल मिळाला नव्हता, आणि ठिबकची ती उपनळी तुंबल्याने खालूनही काही गेले नव्हते. त्या ओळीतील पाने हिरवीगार होती. फळगळ मात्र तिथेही इतर झाडांइतकीच.

म्हणून गळलेली फळे आडवी कापून पाहिली. बोरॉन कमी असेल तर सालीखालच्या पांढऱ्या थरात डिंकाचे तपकिरी कप्पे सापडतात, साल जाड व फळ दगडासारखे टणक होते, बिया काळपट व मुरडलेल्या असतात. एकाही फळात यातले काही नव्हते. बऱ्याच फळांवर टाचणीएवढे छिद्र आणि त्याभोवती कुजका डाग होता, म्हणजे रस शोषणाऱ्या पतंगाचे काम. काही फळे देठाकडून काळी पडली होती. पावसाळ्यात दोन ओळींत पाणी साचून राहत होते, त्याचाही वाटा असणार. फळ कापून बघायला चाकू आणि दहा मिनिटे लागतात. आदल्या वर्षी ती खर्च झाली असती तर पुढचे सारे टळले असते.

पाच दारांचा हिशेब

बोरॉनच्या पिशवीवर एकरी किंवा झाडी मात्रा असते, पण ती त्या मालाची. मूलद्रव्य किती, हे टक्क्यांवरून काढावे लागते. खताच्या दर्जाच्या बोरॅक्समध्ये १०.५ टक्के, बोरिक आम्लात सुमारे १७ टक्के, आणि 'वीस टक्के बोरॉन' म्हणून विकल्या जाणाऱ्या विद्राव्य पावडरीत, म्हणजे डायसोडियम ऑक्टाबोरेटमध्ये, २० टक्के. एकाची मात्रा दुसऱ्याला लावली की तिथेच दुप्पट होते.

जूनमध्ये झाडाला ५० ग्रॅम बोरॅक्स द्यायचे ठरले होते. मजुरांच्या हाती माप म्हणून चहाचा पेला दिला. तोच पेला नंतर भरून तोलला तर १२० ग्रॅम भरला. त्यातून बोरॉन १२.६ ग्रॅम. शेणखतासोबत सूक्ष्म अन्नद्रव्य ग्रेड १ (जस्त, लोह वगैरेंचे जमिनीतून द्यायचे मिश्रण) झाडी २०० ग्रॅम गेले होते; त्यात बोरॉन १ टक्का, म्हणजे आणखी २ ग्रॅम. जुलै ते सप्टेंबर ठिबकमधून २० टक्क्यांची पावडर एकरी १ किलो, तीन वेळा: एकरी ६०० ग्रॅम बोरॉन, ११० झाडांत वाटले तर झाडी साडेपाच ग्रॅम. त्याच पावडरीच्या दोन फवारण्या लिटरला १ ग्रॅम या दराने, झाडाला ५ लिटर द्रावण: २ ग्रॅम. दोन्ही फवाऱ्यांत ग्रेड २ (फवारणीचे तसेच मिश्रण) लिटरला ५ मिली मिसळले होते. त्यात बोरॉन अर्धा टक्का, म्हणून जेमतेम पाव ग्रॅम.

बेरीज झाडी २२ ग्रॅमच्या वर. हेक्टरी २७७ झाडे धरली तर ६ किलोहून जास्त. कमतरता सिद्ध झालेल्या बागेतही हेक्टरी १ किलोच्या आसपास, फार तर २ किलो बोरॉन पुरतो. १ किलो म्हणजे झाडी ३.६ ग्रॅम, अर्थात बोरॅक्सचे ३४ ग्रॅम. सहापट माल गेला होता, आणि प्रत्येक वेळी देणाऱ्याला वाटत होते की आपण थोडेच देतो आहोत.

एवढ्यावर थांबले असते तरी कदाचित निभावले असते. खरा घात जागेने केला. जमिनीतून गेलेले सुमारे २० ग्रॅम बोरॉन खोडापासून ६० सेंमी ते दीड मीटर एवढ्याच बांगडीत पडले. बांगडीचे क्षेत्र सुमारे ६ चौरस मीटर. १५ सेंमी खोलीची माती घनमीटरला १.२ टन धरून जवळपास १,०८० किलो. म्हणजे किलोभर मातीत १८ ते १९ मिलिग्रॅम. तेच २० ग्रॅम झाडाच्या वाट्याच्या पूर्ण ३६ चौरस मीटरवर पसरले असते तर किलोला ३ मिलिग्रॅमच झाले असते. हेक्टरी शिफारस पूर्ण क्षेत्रासाठी असते. ती झाडांवर भागून बांगडीत ओतली की मुळांच्या दृष्टीने सहापट होते. स्फुरद-पालाशला ही पद्धत चालते, कारण त्यांची पुरेशी व जाचक मात्रा यांत मोठे अंतर आहे. बोरॉनमध्ये ते अंतर चिमटीएवढे.

विहिरीचे पाणीही विसरू नये. येथे पाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅम बोरॉन होता, म्हणजे चांगले पाणी. तरी वर्षात झाडाला २०,००० लिटर दिले तर २ ग्रॅम बोरॉन आपोआप मिळतो. लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या वर गेले की संत्र्याला ते पाणी धोक्याचे मानतात. खोल बोअरवर बाग असेल तर एकदा तपासून घ्यावेच.

नमुने व अहवाल

पाने फळ नसलेल्या फांद्यांची, टोकाकडून दुसरी ते चौथी, माणसाच्या खांद्याच्या उंचीवरून, चारही दिशांनी घेतली. एरवी ही पाने सहा-सात महिने वयाची हवीत. नोव्हेंबरात आंबियाची पाने नऊ महिन्यांची झाली होती आणि वयाबरोबर पानातला बोरॉन वाढतो, म्हणून तक्त्यापेक्षा धुऱ्याच्या ओळीतील त्याच वयाच्या पानांशी तुलना करणे योग्य. फवारणी झालेली असल्याने पाने सौम्य साबणपाणी, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाणी यांनी धुतली. नाहीतर पानावर बसलेला बोरॉन पानातला म्हणून मोजला जातो. प्रयोगशाळेला एक गोष्ट आवर्जून विचारावी: बोरॉन पाण्यात काढण्याचे काम (निष्कर्षण) कोणत्या भांड्यात करता? नेहमीच्या उष्णतारोधक काचेत बोरॉनच असतो आणि गरम पाण्यात तो थोडा उतरतो. प्लास्टिकची किंवा बोरॉनविरहित भांडी हवीत.

करपलेल्या झाडांच्या पानांत बोरॉन ३१० पीपीएम (किलोला मिलिग्रॅम), धुऱ्याच्या ओळीत ३१. लिंबूवर्गीय झाडांसाठी साधारण ३६ ते १०० पीपीएम समाधानकारक, २० च्या खाली कमतरता, २०० च्या वर अतिरेक मानतात. बाधित पानांचे टोक व देठाकडचा भाग वेगळा तपासला तेव्हा टोकात कित्येक पट जास्त निघाला. गरम पाण्यात विरघळणारा बोरॉन बांगडीत वरच्या १५ सेंमीत ५.८, त्याखालच्या १५ सेंमीत २.६, आणि दोन ओळींच्या मधल्या मातीत ०.४ मिलिग्रॅम प्रति किलो. कमतरतेची रेषा ०.५ ची. आकडेमोडीत १८ आले आणि मोजणीत ५.८, हा विरोध नाही; चुनखडीच्या चिकण मातीने उरलेल्यातला बराच धरून ठेवला आहे. तो पुढे हळूहळू सुटत राहणार, आणि उपचार लांबतो तो त्यामुळे.

म्हणजे मूळ जमीन बोरॉनला किंचित कमीच होती. दुकानदाराचा अंदाज पूर्ण हवेतला नव्हता. फुलोऱ्याच्या आधी एक फवारणी या बागेला पुरली असती.

काय केले

पहिले काम सर्व दारे बंद करण्याचे. घरातली प्रत्येक पिशवी व बाटली बाहेर काढून लेबल वाचले. बोरॉनचे नाव पुढे नसलेल्या दोन मालांतही तो निघाला: ग्रेड १ आणि एक 'फ्लॉवरिंग स्पेशल'. जस्त व लोह पुढे सुट्या सल्फेटमधून द्यायचे ठरले.

बांगडीची वरची माती खरवडून काढावी का, हा प्रश्न घरच्यांनी विचारला. बोरॅक्स टाकून आठवडाही झाला नसता आणि दाणे दिसत असते तर ते करण्यासारखे होते. पाच महिन्यांनी माल विरघळून खाली गेला होता, आणि संत्र्याच्या तंतुमुळ्या वरच्याच थरात असतात. खरवडले तर दुखणे दुप्पट. जिप्सम टाकून बोरॉन जात नाही. चुना टाकायचा तर आपल्या जमिनीत तो आधीच भरपूर आहे.

उरतो तो धुऊन खाली नेण्याचा मार्ग. क्षारांपेक्षा बोरॉनला धुवायला बरेच जास्त पाणी लागते. ढोबळ नियम असा: मूळ प्रमाणाच्या निम्म्यावर आणायचे तर मातीच्या खोलीच्या १.२ पट पाणी तिच्यातून खाली गेले पाहिजे. ३० सेंमी मातीसाठी ३६ सेंमी पाणी, बांगडीच्या ६ चौरस मीटरला २,१६० लिटर, २२० झाडांना पावणेपाच लाख लिटर. पाव हिश्श्यावर आणायचे तर त्याच्या दुप्पट. भूजल खोल गेलेल्या या पट्ट्यात नोव्हेंबरात एवढे पाणी काढणे शहाणपणाचे नाही.

तेव्हा काम दोन भागांत केले. आंबियाचा ताण (फुलोऱ्यासाठी पाणी तोडणे) सुरू होण्याआधी ४० मिमीच्या तीन पाळ्या, म्हणजे झाडाला दर वेळी २४० लिटर, आठ-आठ दिवसांनी. उद्देश फक्त वरच्या १५ सेंमीतला चौथा हिस्सा खाली ढकलण्याचा. पाणी पाटाने सोडले नाही. काळ्या जमिनीत भेगा असतात. मोकळे सोडलेले पाणी भेगांतून थेट खाली जाते आणि ढेकळांतला बोरॉन जागच्या जागी राहतो. ठिबकला जादा तोट्या लावून रात्रभर सावकाश दिले. दुसरी अडचण डिंक्या रोगाची. बांगडी ओली राहिली तर फायटोप्थोरा हा बुरशीसारखा जीव बुंध्याला धरतो, म्हणून खोडाभोवती अर्धा मीटर माती उंच ठेवली, पाणी खोडाला लागू दिले नाही आणि दोन पाळ्यांमध्ये वरचा थर सुकू दिला.

ताण त्या वर्षी हलका दिला. पाने गळून आधीच अर्धी झालेल्या झाडाला नेहमीसारखा कडक ताण सोसत नाही, आणि माती सुकताना उरलेल्या ओलाव्यात बोरॉन घट्ट होत जातो. बहार कमी फुटला. हे आधी सांगितले होते, तरी व्यापाऱ्याने बाग पाहून भाव पाडला तेव्हा घरात कुरकुर झालीच.

मोठे धुणे पावसाळ्यावर सोडले. त्यासाठी उन्हाळ्यात दर दोन ओळींमध्ये उताराच्या दिशेने ६० सेंमी खोल चर काढले. पाण्याला बाहेर वाट नसेल तर बोरॉनही जात नाही आणि मुळेही सडतात. आदल्या वर्षी पाणी साचणाऱ्या दोन ओळींना या चरांचा लगेच फायदा झाला. गळलेली पाने बांगडीत आच्छादन म्हणून न ठेवता झाडून कपाशीच्या वावरात टाकली. कपाशी बोरॉनला बरीच सोसणारी आणि त्याची गरजही जास्त असलेली. पानांतून जाणारा बोरॉन झाडामागे ग्रॅम-दीड ग्रॅम, फार नाही. पण फुकट बाहेर जातो.

फळगळीवर वेगळे काम झाले: पडलेली फळे रोज वेचून पुरणे, बांधावरची गुळवेल काढणे (पतंगाच्या अळ्या त्या वेलीवर वाढतात), आणि चरांमुळे निचरा.

वर्षानंतर

पुढच्या नोव्हेंबरात त्याच वयाची पाने, तीच झाडे. पानांत १६५ पीपीएम. बांगडीत वर २.७ आणि खाली ३.०, ढीग खाली सरकतो आहे, पण पुरता गेलेला नाही. टोके पिवळी पडणे होते, पण उशिरा आणि थोड्या पानांवर. धुऱ्याच्या ओळीत फुलोऱ्याआधी बोरिक आम्लाची एक फवारणी दिली होती, लिटरला १ ग्रॅम. तिथे ४४ पीपीएम. संत्र्यात बोरॉन जुन्या पानातून नव्या फुलाकडे जात नसल्याने फवारणीची वेळ कळी दिसण्याच्या सुमाराची, फळे गळू लागल्यावरची नव्हे.

फवारणीसाठी बोरॅक्स न घेता बोरिक आम्ल घेण्याचे कारण मिश्रणाचे आहे. बोरॅक्सचे द्रावण ९ सामूच्या पुढे असते. त्यात झिंक सल्फेट टाकले की टाकीच्या तळाशी पांढरा साका बसतो आणि नोझल तुंबते, काही कीटकनाशकेही त्यात टिकत नाहीत. बोरिक आम्ल थंड पाण्यात सावकाश विरघळते, म्हणून आधी बादलीभर कोमट पाण्यात हलवून मग टाकीत घालावे.

मुख्य बागेला आणखी निदान एक पावसाळा बोरॉन द्यायचा नाही. पानातला आकडा १०० च्या खाली आणि बांगडीतला १ च्या आसपास आल्याशिवाय पिशवी उघडायची नाही, असे घरच्यांनी ठरवले आहे. पुढे कधी जमिनीतून द्यायची वेळ आलीच तर ३४ ग्रॅम बोरॅक्स वजनकाट्यावर तोलून, वीसपट चाळलेल्या शेणखतात मिसळून, बांगडीत नव्हे तर झाडाच्या सावलीबाहेर दोन ओळींच्या मध्यापर्यंत फेकायचे.